आईचा ब्रेकर आणि माझी दोन सीटांची गाडी

आमच्या आईनं ताडकळसच्या घरासमोरच्या रस्त्यावर एक ब्रेकर बांधून घेतलाय. ग्रामपंचायतीनं नव्हे, बांधकाम खात्यानं नव्हे, आईनं. त्याची उंची सात इंच. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून पाच इंचांवर. पुढची सगळी भानगड या दोन आकड्यांमधली आहे, आणि पंचवीस वर्षं मानवतच्या शाळेत गणित शिकवूनही मला ती दोन महिने सुटली नाही.

ब्रेकरचं आधी सांगते, कारण तो गाडीपेक्षा जुना आहे. एका उन्हाळ्यात आईनं दारासमोर धोतराच्या कापडावर कुरडया वाळत घातल्या होत्या. दारासमोर म्हणजे खरं तर रस्त्यावरच, पण हे तिला सांगायची कुणाची टाप नव्हती. एक फटफटी कुरडयांवरून गेली. चालवणाऱ्यानं न थांबताच मागं बघून "मावशी, चुकलं बरं का" म्हटलं, आणि तेच त्याला नडलं. थांबला असता तर चार शिव्यांवर मिटलं असतं. आईनं दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या कामातून उरलेली सिमेंटची बोरी बाहेर काढली, आमच्या शेतात बांध घालणाऱ्या गड्याला बोलावलं आणि दारापासून पंधरा पावलांवर रेघ ओढून सांगितलं, "हितं अडव सगळ्यांला." त्या बिचाऱ्यानं जन्मात ब्रेकर बांधला नव्हता. बांध मात्र शेकड्यांनी घातले होते. त्यानं पाणी अडवायला घालतात तसा उभट, अरुंद, चांगला बळकट बांध रस्त्यावर आडवा घातला. तेव्हापासून आई ओट्यावर बसून एकेका गाडीच्या उड्या बघते. टीव्ही तिनं भावाच्या खोलीत हलवलाय.

आता गाडी. दोन दारं, दोन सीटं, कापडाचं छत, आणि बटण दाबलं की ते छत घडी होऊन मागं जाऊन बसतं. स्पोर्ट्स कार. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी ती जपून वापरली होती, पण उतारवयात त्यांच्या कंबरेनं असहकार पुकारला आणि गाडी विकायला निघाली. डॉक्टरांनी गाडी दाखवताना सांगितलं, "हिचा एक स्क्रूही बदललेला नाही." त्या एका वाक्यावर मी ती घेतली. गाडीचा रंग पिवळा, छत काळं.

हा रंग घेताना माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे! आमच्याकडं काळी-पिवळी म्हणजे फाट्याफाट्यावर माणसं कोंबणारी जीप. पहिल्या आठवड्यात मानवतपासून परभणीपर्यंत सात जणांनी मला हात केला. एका म्हातारबांनी तर सिग्नलला दार उघडून मेथीच्या गड्ड्या आत ठेवल्या आणि मग माणसांना जागा शोधायला लागले. "बाई, बाकीची सीटं कुठं हायेत?" मी म्हटलं, एवढीच आहेत. तर म्हणाले, "मंग परवडतं कसं वो तुमाला?"

परवडण्याचं सोडा, आमच्या जिल्ह्यात कंपनीतून आलेली गाडी हा कच्चा माल समजतात. ट्रॅक्टर शोरूममधून निघतो तो घरी जात नाही, आधी वेल्डिंगवाल्याकडं जातो. जीपला स्प्रिंगचे दोन पाटे जास्तीचे पडतात, फटफटीला पुढून-मागून लोखंडी गार्ड लागतात, तेव्हा कुठं ती गाडी आपली झाली म्हणायचं. माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरला छत्री आहे, झालर आहे, बारा दिवे आहेत, चार स्पीकर आहेत. तो नांगरतो कमी आणि वाजतो जास्त. त्यामुळं मी गाडी आणली तेव्हा "कशी चालते?" असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "काय काय बदलणार?"

मुख्याध्यापकांनी गॅसकिट सुचवलं. इतिहासाच्या सरांच्या मते मागं एक बाकडं ठोकलं असतं तर दोन लेकरं सहज मावली असती. शिपाईमामांनी काचांना पडदे सांगितले, आतल्या बाजूनं, गुलाबी. आमच्या यांनी सगळ्या गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "भाजी कुठं ठेवायची?" भावानं फोनवर सांगितलं, "ताई, तू फकस्त गाडी मिस्तरीकडं लाव. चार इंच उचलू, मोठे टायर घालू, समोर गार्ड ठोकू. मंग बघ कशी दिसती!" मी विचारलं, कशी दिसेल? तो म्हणाला, "जीपवानी." अरे, जीपच पाहिजे होती तर मी जीप घेतली नसती का?

मी हट्टाला पेटले. काही म्हणजे काही बदलणार नाही. आणि याला कारण आहे. लहानपणी माझ्या वाट्याला आलेली एकही वस्तू माझ्या मापाची नव्हती. शाळेचा फ्रॉक मावसबहिणीचा, खाली दुमड घालून. सायकल चुलत्यांची, दांडा कापून. लग्नातला शालूसुद्धा जावेचा, फॉल बदलून. वापरलेली का असेना, पण कुणीही न कापलेली, न उसवलेली, बनवणाऱ्यानं बनवली तशीच्या तशी एक तरी वस्तू मला हवी होती. पन्नाशीला आले तेव्हा ती मिळाली. तिला गुलाबी पडदे लावू देईन होय मी!

आणि दुसरं कारण आईचं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि स्टाफरूममध्ये रडणं मला परवडत नाही, दहावीची पोरं धाक बाळगत नाहीत मग. आमची आई जन्मात कुठल्याही गाडीत पुढं बसलेली नाही. बैलगाडीत मागं, ट्रॉलीत मागं, जीपमध्ये मागं पोत्यांवर, जावयाच्या गाडीतही मागं. एकदा त्या चार दारांच्या गाडीत आम्ही दोघीच होतो, मी चालवत होते, शेजारची सीट मोकळी होती, तरी ती मागचं दार उघडून बसली. मी म्हटलं, आई, पुढं ये. तर म्हणाली, "पुढं गड्यांनी बसायचं असतं बाई." गडी कुठंय? "आसंल वाटंत एखादा." म्हणून मी अशी गाडी घेतली की जिला मागं काहीच नाही. बसायचं तर पुढंच बसावं लागेल. नागपंचमीला आईला तीत बसवून पालमला, तिच्या माहेरी न्यायचं, एवढाच माझा डाव होता.

पहिल्यांदा गाडी दाखवायला ताडकळसला गेले तो बाजाराचा दिवस. आई ताट घेऊन दारात उभी, हळद-कुंकू, निरांजन, भाकरतुकडा सगळं तयार. मी लांबूनच हॉर्न दिला, छत उघडं ठेवलं होतं, केस उडत होते, मला माझंच कौतुक वाटत होतं. पुढची चाकं ब्रेकरवरून उतरली, आणि मग पोटाखालून असा आवाज आला की बाजारातली कुत्री गप्प झाली. गाडी थांबली. म्हणजे मी थांबवली नाही, ती थांबली. पुढं जाईना, मागं येईना, आईच्या बांधावर पोट टेकून डुलायला लागली. मी उतरले तर पुढचं टोक आणखी वर आलं. गल्लीतल्या सहा जणांनी येऊन "हेऽऽ आलं का बळ" म्हणत तिला उचलून मागं ठेवली. एकानं बॉनेट पुसून विचारलं, "ताई, ही गाडी हलकी कामून हाय एवढी?"

आई ओट्यावरून हलली नाही. पंधरा पावलांचं अंतर. मी ओरडले, "आई, ताट घेऊन इकडंच ये ना!"

"ओवाळायचं ते दारात. रस्त्यात न्हाई," आई म्हणाली, आणि ताट आत घेऊन गेली.

आत जाऊन मी भडकलेच. म्हटलं, तो ब्रेकर बेकायदा आहे. दोन इंच खरवडून टाका. भाऊ लगेच टिकाव शोधायला उठला. पण आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो तसाच खाली बसला. "बांध कोरायलास का रं? आपल्या भावकीत बांध कोरल्यापायी दोन घरं चाळीस वर्सं बोलंनात एकमेकांला. घातलेला बांध कोरत नसतेत." मी म्हटलं, आई, तो बांध नाही, ब्रेकर आहे. "ज्यानं घातलाय त्याला इचार काय हाय ते," आई म्हणाली. आणि ज्यानं घातला त्याला विचारायची सोय नव्हती, कारण तो बांधच म्हणाला असता.

तेवढ्यावर मी तडजोड मांडली. पंचमीला मी ब्रेकरच्या अलीकडं गाडी उभी करीन, तू पंधरा पावलं चालत ये आणि बस.

"न्हाई. दारात आणलीस तर बसीन."

"आई, पंधरा पावलं! तू रोज शेतात जातेस!"

"शेतात जाते. गाडीकडं जायची न्हाई."

घ्या! आता करायचं काय? आई बांध कोरू देणार नाही, मी गाडी उचलू देणार नाही. पंचमी दोन महिन्यांवर. भाऊ रोज फोनवर दोन्हीकडून काड्या घालायचा. मला म्हणायचा, "ताई, उचलून टाक." आईला म्हणायचा, "आई, तिला सांग उचलून टाक." मी दहावीच्या वर्गात एक गणितच घातलं. दोन चाकांमधलं अंतर इतकं, पोटाची उंची इतकी, मध्ये इतका उंचवटा, तर गाडी टेकेल का? चाळीस पोरांनी वहीत आकृत्या काढल्या. उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं, टेकेल. एकानं खाली शेरा मारला होता, "बाई, गाडी विकून टाका." त्याचा अर्धा मार्क कापला, नीटनेटकेपणाचा.

मधल्या काळात मी परभणीच्या मिस्तरींकडंही जाऊन आले, नुसतंच विचारायला. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेले, जिल्ह्यातल्या निम्म्या जीपा त्यांनी उचललेल्या. गाडी बघताच त्यांचे हात शिवशिवायला लागले. "हौ मॅडम, सब हो जाता. स्प्रिंग के नीचे लोहे के गुटके डाल देंगे, टायर बडे, सामने गार्ड. भैंस भी टकरायी तो भैंस कू लगेंगा." मी "बघते" म्हणून पळून आले. पळताना आरशात बघितलं तर ते अजून गाडीकडंच बघत उभे होते.

जुलैतल्या एका रविवारी मी एसटीनं ताडकळसला गेले. गाडी मुद्दामच नेली नाही. आई ओट्यावर मूग निवडत होती. मी शेजारी बसून निवडायला लागले आणि सहज, अगदी भांडणाचा सूर न लावता विचारलं, "आई, पंधरा पावलांचं एवढं काय गं?"

आईनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "पंचमीला दादा मुराळी यायचा. ठाऊक हाय ना?" मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस. हे मला ठाऊक होतं, मामा दरवर्षी यायचे. "दादा भाड्याच्या जीपनं यायचा, पन फाट्यावर थांबायचा. तितूनच हारन वाजवायचा. खाली उतरला तर पुढची जागा जाईल म्हणून. मी कडेवर तू, डोक्यावर गठुडं, अर्धा कोस चालत जायाची. मागं पोत्यावर बसायाची. चाळीस वर्सं." तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "जल्मभर गाडीकडं मीच चालत गेले. एक तरी गाडी माझ्याकडं येऊ दे की बाई."

माझे डोळे भरून आले आणि सुपातले मूग दिसेनासे झाले. मी त्या पंधरा पावलांवरून तिच्याशी दीड महिना भांडत होते, आणि ती पावलं पंधरा नव्हतीच. मनात म्हटलं, गेला खड्ड्यात तो स्क्रू न बदलल्याचा तोरा. गाडी माझ्या आईपेक्षा मोठी आहे का?

दुसऱ्याच दिवशी शाळेत अर्ज टाकून मी मिस्तरींकडं गेले. म्हटलं, उचला. चार इंच, सहा इंच, काय उचलायची ती उचला, पण पंचमीच्या आधी द्या. मिस्तरी म्हणाले, "पैले एक चक्कर मार के देखता." चावी दिली. ते वसमत रोडनं गेले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मला वाटलं, गाडी गेली, आता आईचा प्रश्नच मिटला. मग ते आले. छत उघडं, मेंदीची दाढी वाऱ्यानं विस्कटलेली, पन्नास वर्षांनी लहान झालेला चेहरा. गाडी बंद करून ते तसेच बसून राहिले.

"नक्को मॅडम," ते म्हणाले.

"नक्को काय? आता का नक्को?"

"तीस बरस हो गए मेरे कू. इत्त्या गाड्यां बदल्या. मगर ये पूरी है. इस कू उठा दिया तो चलेंगी, मगर ये नै रहेंगी." आणि हळूच दार लावून, स्टिअरिंगवर हात फिरवून बाहेर आले.

मला हसावं की रडावं कळेना! अख्ख्या जिल्ह्यात गाडी बदलू नका म्हणणारा एकच माणूस भेटला, आणि तो नेमका मी बदलायला तयार झाले त्या दिवशी! मी तिथंच गॅरेजमधल्या उलट्या टायरवर बसून त्यांना सगळं सांगितलं, ब्रेकर, बांध, मुराळी, पोत्यांवरची आई. त्यांनी ऐकलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तो गाडी कू क्यों उठाते? रस्ते कू उठाओ ना. ट्रक में ट्रॅक्टर कैसे चढाते?"

फळ्यांवरून! अगं बाई! पंचवीस वर्षं मी भूमिती शिकवते. चाकांखाली फळ्या ठेवल्या की पोट आपोआप वर, हे मला सुचू नये? चाळीस पोरांना सुचू नये? म्हणजे मी शिकवलंय तरी काय इतकी वर्षं? मी मापं काढली, सुतारानं आंब्याच्या लाकडाच्या चार फळ्या करून दिल्या. दोन हात लांब, चार बोटं जाड, टोकं उतरती. दोन ब्रेकरच्या अलीकडं, दोन पलीकडं, एकेका चाकाच्या रेषेत. गाडीचा एक स्क्रू हलवायचा नाही, आईच्या बांधाचा एक खडा काढायचा नाही.

पंचमीच्या सकाळी मी निघाले. फळ्या ठेवायला जागा एकच होती, आईची. चारही फळ्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवल्या. ताडकळसला भाऊ ब्रेकरजवळ उभाच होता. त्यानं फळ्या मांडल्या, मी एकदा मापून बघितल्या, त्यानं "ये, ये, ये, थोडं डावं" केलं. आई ओट्यावर. ताट तिनं आणलं नव्हतं, मागच्या वेळचं लक्षात होतं. पुढची चाकं चढली, उतरली. पोटाखालून आवाज आला नाही. मागची चाकं चढली, उतरली. गाडी पंधरा पावलं पुढं गेली आणि आईच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

आई एकदम आत पळाली. मला वाटलं, चिडली. ती ताट घेऊन आली. आधी गाडीला ओवाळलं, मग मला, मग भाकरतुकडा उतरून टाकला. निरांजन दोनदा विझलं, दोनदा तिनं ते पुन्हा लावलं. मग पदर सावरून तिनं दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "एवढं खाली? बसायचंय का इहिरीत उतरायचंय?" मी आणि भावानं तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. बसल्यावर तिनं समोर बघितलं. काचेतून अख्खा रस्ता दिसत होता. "समोरचं सगळं दिसतंय की गं," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिनं ड्रायव्हरच्या मानेशिवाय काही बघितलं नव्हतं.

आता फळ्यांचं काय? दोन फळ्या सीटांच्या मागं कशाबशा कोंबल्या. उरलेल्या दोन आई म्हणाली, "दे हिकडं," आणि नातू घ्यावा तशा मांडीवर घेतल्या.

ताडकळसपासून पालमपर्यंत प्रत्येक गावानं आपापला ब्रेकर घातलाय. बहुतेक ठिकाणी घालणारे आमच्या गड्याचेच भाऊबंद असावेत, कारण सगळे बांधच. पहिल्याला मी थांबले आणि उतरायला लागले, तर आई म्हणाली, "तू बैस. तुला कळत न्हाई बांधातलं." स्वतः उतरली, फळ्या मांडल्या, मला खुणेनं पुढं घेतलं, फळ्या उचलल्या, परत मांडीवर. दुसऱ्या ब्रेकरला तेच. तिसऱ्याला श्रावणाची भुरभुर सुरू झाली. चौथ्याला ती भिजली. पाचव्याला तिनं कंबरेवर हात ठेवून रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोन्या मुडद्यानं घातलाय हा? अक्कल हाय का न्हाई? मानसाच्या गाड्या जायाच्या कशा?"

मी म्हटलं, "आई, त्याच्याही कुरडयांवरून कुणीतरी गेलं असेल."

"कुरडया रस्त्यात वाळू घालायच्याच कशाला?" आई म्हणाली. मी इतकी हसले की गाडी फळीवरून घसरता घसरता राहिली. आई हसली नाही. तिला यात काही हसण्यासारखं दिसलं नव्हतं.

पालमला पोचलो तेव्हा मामांच्या घराच्या वाटेवर माणसं गोळा झाली होती. मामा आता ऐंशीच्या घरात, तरी ताठ. पुरणाची दिंडं झाली, भाच्या-पुतण्यांनी गाडीला हात लावून बघितलं, एकीनं विचारलं, "आत्या, ह्याला करियर बसवता येतं का?" जेवणं आटोपल्यावर बायका वारुळाच्या पूजेला निघाल्या. वारूळ गावाबाहेर. आई म्हणाली, मी गाडीतून येते, आणि जाऊन बसलीही. फळ्या तिनं मांडीवर घेतल्या.

तेवढ्यात मामा बाहेर आले. कडक धोतर, टोपी, हातात काठी. ते थेट गाडीकडं आले, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि उभे राहिले. चाळीस वर्षं पुढची जागा त्यांची होती आणि आई न सांगता मागं जाऊन बसत आली होती. वाईट मनाचे नव्हेत मामा. आईच्या लग्नात सगळ्यांत जास्त तेच रडले होते म्हणतात. पण गाडीत पुढं आपण बसायचं असतं यापलीकडं त्यांच्या डोक्यात काही नव्हतंच. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आईचा हात दाराच्या कडीवर गेला. मला वाटलं, उतरली आता.

तिनं कडी धरली आणि तशीच बसून राहिली.

"बाई, सरक की मागं," मामा म्हणाले.

"दादा, हिला मागं कायबी न्हाई. कंपनीनं दिलंच न्हाई."

मामांनी वाकून आत बघितलं. खरंच काही नव्हतं. ते माझ्याकडं वळले. "मंग बसवून घे की गं एखादं सीट. मिस्तरी असतेत की."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "न्हाई. ही गाडी बदलायची नसती. जशी बनवली तशीच ठिवायची असती." आणि दार ओढून घेतलं.

गावाच्या वेशीवर ब्रेकर होता. मी थांबले. आरशात मामा दिसले, नातवाच्या फटफटीवर मागं बसून, टोपी एका हातानं धरून. आईनं काच खाली केली, मांडीवरच्या फळ्या एकेक करून बाहेर काढल्या आणि हाक मारली, "दादा! दोन अलीकडं लावा, दोन पलीकडं. मागच्या दोन ही देती."

मामा फटफटीवरून उतरले. मग काठी नातवाकडं दिली, धोतर खोचलं आणि फळ्या घेतल्या. त्यांनी त्या नीट रेषेत मांडल्या, शेतकरी माणूस, माप लगेच कळलं त्यांना. मग आमच्याकडं तोंड करून दोन्ही हातांनी "या, या" केलं. मी गाडी पुढं घेतली. मामा बाजूला उभे होते. गाडी वर आली, खाली उतरली, आवाज झाला नाही. मामांनी एकेक फळी उचलून छातीशी धरली.

आई खाली उतरली नाही.